घरच्या जुनेरांच्या व गोणपाटाच्या बाजार-पिशव्या

गेल्या आषाढांत आमच्या एका दुभत्या गाईनें चारा सोडला. डावी कूस फुगली, रवंथ बंद पडला. जनावरांच्या डॉक्टरांनीं पोट उघडलें तेव्हां आंतून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा, दोऱ्यांचा व शिळ्या अन्नाचा घट्ट गोळा निघाला. गाय वांचली नाहीं. त्या पिशव्या कोणा परक्यानें टाकलेल्या नव्हत्या. आमच्याच घरीं बाजारांतून आलेल्या व आमच्याच उकिरड्यावर गेलेल्या होत्या. गाय ओठांनीं निवडून खात नाहीं. जिभेनें घास ओढते व तसाच गिळते. गिळलेलें प्लॅस्टिक पोटांत जिरत नाहीं, कुजत नाहीं, सांचत मात्र जातें.

महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं अशा पिशव्यांवर बंदी घातली. शेजारच्या बांगला देशानें तर २००२ सालींच पातळ पिशव्या बंद केल्या होत्या, कारण पुराच्या वेळीं ढाक्याचीं गटारें त्यांनीं तुंबलीं होतीं. परंतु भाजी कशांत आणावयाची, हा प्रश्न कायद्यानें सुटत नाहीं. नाशकास बुधवारीं गंगेच्या घाटावर बाजार भरतो, तेथें रिकाम्या हातानें येणारे गिऱ्हाईक पाहिलें म्हणजे हें पटतें. याकरितां घरच्या घरीं, जवळजवळ फुकट, टिकाऊ पिशवी कशी करावी तें येथें सांगतों.

प्रथम घरांतील जुन्या पिशव्या गोळा कराव्या. आजीच्या पेटींत बटवा सांपडेल. त्याच्या दोन दोऱ्या उलट दिशांनीं ओढल्या कीं तोंड मिटतें. एखादी पानसुपारीची चंची निघेल. तिचे कप्पे एकावर एक दुमडून गुंडाळी होते. त्या टाकून देऊं नयेत. फाटलेली असेल तिची शिवण उसवून पाहावी, म्हणजे तुकडे कसे बेतले होते तें कळतें.

कापड सुती व घट्ट विणीचें असावें. जुनें लुगडें मध्यें झिरझिरीत झालें तरी त्याचे काठ शाबूत असतात. तें दुहेरी घ्यावें. विजारीच्या पायाचें कापड एकेरीही चालतें. कांदे-बटाट्यांसाठीं तागाचें गोणपाट उत्तम. नव्या गोणपाटास गिरणींत लावलेल्या तेलाचा वास येतो, म्हणून तें धुण्याचा सोडा घातलेल्या ऊन पाण्यांत रात्रभर भिजवून कडक उन्हांत वाळवावें. कापण्यापूर्वीं कापावयाच्या रेषेच्या दोन्ही अंगांस टीप घालावी, नाहींतर धागे सुटत जातात. युरियाचें पोतें मात्र प्लॅस्टिकच्या धाग्यांचें असतें; उन्हानें त्याचा चुरा होऊन तो पुन्हा शेतांतच येतो. आणि ज्या पोत्यांत औषध लावलेलें बियाणें किंवा कीटकनाशक आलें असेल, त्याची पिशवी कितीही धुतली तरी खाण्याच्या जिनसांसाठीं कधींही करूं नये.

आतां शिवणीचें. बहुतेक घरगुती पिशव्या बंदापाशीं तुटतात, कारण बंद फक्त तोंडाच्या कडेस टांकलेला असतो व सारें वजन चार टांक्यांवर येतें. म्हणून बंद पिशवीच्या बुडाखालून फिरवून आणावा. १९ इंच रुंद व ३९ इंच लांब कापड घ्यावें. लांबीच्या दोन्ही टोकांस दीड-दीड इंच दुमडून टीप मारावी. हें पिशवीचें तोंड होय. मग कापड उलगडलेलें असतांनाच त्यावर बंद बसवावा. चार इंच रुंदीच्या पट्टीची चार घड्यांची एक इंची पट्टी करावी. ती लांबीच्या दिशेनें, मध्यापासून दोन्हीकडे तीन-तीन इंच अंतर ठेवून, अशी शिवावी कीं प्रत्येक तोंडाशीं २२ इंचांचा फांस मोकळा राहील. सर्व मिळून साडेतीन वार पट्टी लागते. नऊवारी लुगड्याचा एक काठ दोन पिशव्यांस पुरतो. पट्टीचा जोड बुडाखालीं घ्यावा. तोंडापाशीं बंदावर चौकोन शिवून त्यांत फुली मारावी.

नंतर कापड उलटें दुमडून अर्ध्या इंचावर दोन्ही बाजू शिवाव्या व त्याच शिवणीवर दुसरी टीप घालावी. शेवटीं बुडाचा प्रत्येक कोपरा असा चपटा धरावा कीं बाजूची शिवण बुडाच्या घडीवर नेमकी येईल, आणि जेथें त्रिकोण चार इंच रुंद भरेल तेथें आडवी टीप मारावी. पिशवी उलटविली कीं १४ इंच रुंद, १६ इंच उंच व ४ इंच बुडाची होते. चौकोनी बुडामुळें ती जमिनीवर उभी राहते व टोमॅटो चेंगरत नाहींत.

हें काम बायकांवर टाकून मोकळें होण्याची आपली रीत आहे. पण लासलगांवच्या बाजारांत कांद्याच्या बारदानाचें तोंड दाभण-सुतळीनें क्षणांत शिवणारे पुरुषच असतात; त्यांस गोणपाटाची पिशवी जड जाऊं नये. स्वस्ताई मोजतांना शिवणाराचा वेळही मोजावा. कोऱ्या कापडाची पिशवी विकावयास काढली तर त्या हिशोबांत नफा फारसा उरणार नाहीं. जुनेराची घरासाठीं केली तर मात्र दोऱ्यापलीकडे खर्च नाहीं.

ताग ओल्यानें दुबळा होतो व दमट जागीं कुजतो; म्हणून भाजीची पिशवी आठवड्यास झटकून उन्हांत टाकावी. एक पिशवी दाराच्या खुंटीस व दुसरी मोटारसायकलीच्या डिकींत कायम ठेवावी, कारण बाजारांत पोंचल्यावर आठवलेली पिशवी घरींच असते.