वाघाच्या फोटोसाठी तांदळाची पडशी

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी छंद हवा, असे सगळेच सांगतात. मला तो शोधावा लागला नाही. बँकेत असतानाच कॅमेऱ्याचे वेड लागले होते. निवृत्तीच्या पैशातून मी ४०० मिलिमीटरची एक लांब लेन्स घेतली आणि 'यंदा ताडोबाला जायचे' असे घरात जाहीर करून टाकले. आता राहिला एकच प्रश्न. कॅमेऱ्यासह सव्वादोन किलोची ही तोफ धरायची कशी?

या प्रश्नामागे एक गोष्ट होती, जी मी घरच्यांपासून लपवली होती. दोन वर्षांपासून माझा उजवा हात थरथरत होता. हात मांडीवर स्वस्थ असला की काही नाही. पण पेन धरले, चमचा उचलला की बोटांना कंप सुटायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते, हा कंपवात नव्हे, उतारवयात बऱ्याच जणांना असा कंप येतो, जिवाला धोका नाही. जिवाला नसेल, पण माझ्या फोटोंना होता!

लांब लेन्सचे गणित जरा कडक असते. जुना आडाखा असा, की लेन्स ४०० मिलिमीटरची असेल तर शटर निदान १/४०० सेकंद इतके जलद हवे. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, दीडपटीच्या हिशेबाचा. म्हणजे माझ्यासाठी हा आकडा १/६००. दुपारच्या उन्हात तो सहज मिळतो. पण पहाटे जंगलाचे फाटक उघडते, तेव्हा साग आणि बांबूच्या रानात इतका अंधुक उजेड असतो, की कॅमेरा पार १/६० वर येऊन बसतो. मग धडधाकट माणसाच्या हाताचा हलकासा हेलकावाही फोटोत उतरतो. तिथे माझी काय कथा!

यावर उपाय म्हणून मी दुकानात गेलो. दुकानदाराने कार्बन फायबरचा एक देखणा ट्रायपॉड पुढे ठेवला. दहा किलो वजन पेलणारा, उंची पुरुषभर, किंमत १८ हजार. "काका, यावर हत्ती बसवा, हलणार नाही," असे तो म्हणाला. आणि ते खरेच होते. तो ट्रायपॉड दुकानाच्या फरशीवर तसूभरही हलत नव्हता. आपल्याला फरशीवर नाही, जिप्सीत बसायचे आहे, हे मात्र ना त्याने विचारले, ना मी सांगितले.

मे २०२३ मध्ये आम्ही ताडोबाला गेलो. मी, सौ., मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. ताडोबा हे महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे; पुढे १९९५ साली शेजारच्या अंधारी अभयारण्यासह तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. जंगलात फिरायचे ते उघड्या जिप्सीतून. गाडीत चालक, गाईड आणि आपण सगळे दाटीवाटीने बसलेलो. गाडीतून खाली पाय ठेवायला सक्त मनाई. अशा जागेत तीन पाय पसरणाऱ्या वस्तूने जावे कुठे?

दुपारच्या फेरीत एका पाणवठ्यावर वाघीण आली. पाठमोरी होऊन शेपटीकडून हळूहळू पाण्यात बसली. सगळी गाडी श्वास रोखून पाहत होती आणि मी ट्रायपॉडशी झोंबत होतो. एक पाय सीटवर, दुसरा खाली बॅगांच्या मधे, तिसरा कुठे ठेवू ते सुचेना. शेवटी तो मागच्या सीटवर टेकवला आणि उभा राहिलो. कुणी जरा कूस बदलली, की सगळा डोलारा हलत होता. गाईड हळूच म्हणाला, "साहेब, तो स्टँड खाली घ्या जी, लेकराला दिसत नाही."

मी वळून पाहीपर्यंत वाघीण उठून बांबूत शिरली होती. मी काढलेल्या बावीस फोटोंत एक पिवळसर ढग होता. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही. परतताना नातू मात्र रडवेल्या आवाजात म्हणाला, "आबा, मला फक्त शेपूट दिसली." माझ्या ट्रायपॉडचा पाय आणि माझी पाठ त्याच्या बरोबर समोर होती. ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिले.

घरी आल्यावर मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. विचारणाऱ्यांना सांगायचो, "वजन झेपत नाही हो आता." एके दिवशी सकाळी चहा पिताना सौ. म्हणाली, "अहो, वजनाचे निमित्त कशाला सांगता? तुमच्या कपबशीचा आवाज मला दोन वर्षांपासून ऐकू येतोय." मी काय बोलणार? मग मात्र सगळे सांगितले. ती म्हणाली, "हात हलतो तर हाताला टेकू द्या. त्यात लाजायचे काय?"

टेकू कोणता, याचा या वेळी मी नीट अभ्यास केला. एकपायी मोनोपॉड जिप्सीत मावतो, लेन्सचे वजनही उचलतो. पण तो फक्त वर-खाली होणारी हालचाल थोपवतो, बाजूला डुलणे थांबवत नाही. गाडीच्या लोखंडी दांड्याला घट्ट बसणारा क्लॅम्प मिळतो. त्यावर लेन्स अलगद वळवणारे गिंबल हेड लावता येते. अवजड लेन्स वापरणारे लोक तो वापरतात. परंतु क्लॅम्प गाडीला जखडलेला असल्याने गाडीतल्या प्रत्येकाची हालचाल आणि इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात पोचते. शिवाय वाघ दुसऱ्या बाजूने निघाला, तर आपण आपल्या जागी जखडलेले!

राहिली ती बीनबॅग, म्हणजे धान्य भरलेली कापडी पिशवी. ती दांड्यावर ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. दाणे सरकून लेन्सच्या आकाराचा खळगा होतो, आणि बारीक कंप दाण्यादाण्यांत जिरून जातो. वाघ उजवीकडून डावीकडे गेला, तर पिशवी उचलून डावीकडे नेता येते. अडचण एकच होती. जिप्सीचा दांडा गोल आणि अरुंद असतो, त्यावर साधी पिशवी टिकत नाही.

तेव्हा मला आजोबांची पडशी आठवली. बाजारच्या दिवशी ते खांद्यावर पडशी टाकून निघत. पुढच्या कप्प्यात भाकरी, मागच्या कप्प्यात बाजार. दोन्ही बाजूंना वजन सारखे, म्हणून ती खांद्यावरून घसरत नसे. सौ.ने मुलाच्या जुन्या जीन्सचे पाय कापून तशीच पडशी शिवली. दोन कप्पे, मधे वीतभर पट्टी, आतून मांजरपाटाचे अस्तर, तोंडाला चेन. प्रत्येक कप्प्यात सव्वा किलो तांदूळ, आणि कप्पा पाऊणच भरायचा. गच्च भरला तर लेन्स रुतत नाही, घसरते. थर्माकोलचे मणी हलके असतात, पण कुरकुरतात आणि वजनाअभावी पिशवी जागची सरकते. मसूर किंवा मोहरीही चालते. मी गॅलरीच्या कठड्यावर पडशी टाकून समोरच्या टाकीवरच्या कावळ्याचे फोटो काढले. नुसत्या हाताने दहांत दोन ठीक आले, पडशीवर सात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही पुन्हा ताडोबाला गेलो. पडशी रिकामीच नेली, ओझे नको म्हणून. चंद्रपूर हा भाताचा जिल्हा; तांदूळ मोहर्लीच्या किराणा दुकानात घेऊन तिथेच भरला. या वेळी दांड्याजवळची जागा नातवाला दिली आणि त्याच्या शेजारी मी बसलो. गाईड म्हणून गावातलीच एक ताई होती. सांबराचा इशारा ऐकून तिने गाडी थांबवली आणि इंजिन बंद करायला लावले. "काका, हलू नका जी, येते ते."

वाघीण आली. उजवीकडच्या गवतातून निघाली, रस्ता ओलांडला आणि डावीकडे गेली. सगळा खेळ पंधरा सेकंदांचा. आयएसओ वाढवून शटर १/३२० वर आणले होते, कारण टेकू आपला कंप थांबवतो, चालत्या वाघाचे पाय थांबवत नाही. डावा तळवा लेन्सच्या वर ठेवून मी ती पडशीत दाबून धरली. माझा हात थरथरत होताच; पण अडीच किलो तांदळाने ती थरथर पोटात घातली. नंतर पाहिले, तर तिच्या मिशांचे केस मोजता येत होते. नातवाच्या आणि वाघिणीच्या मधे या वेळी काहीच नव्हते.

फाटकाबाहेर चहा घेताना त्याने विचारले, "आबा, तुमचा हात का हलतो?" मी सरळ सांगितले. तो म्हणाला, "मग कप पण पडशीवर ठेवा ना!"

तो ट्रायपॉड वाया गेला असे मात्र नाही. मचाणावर, पक्षी टिपायच्या आडोशात, रात्री ताऱ्यांचे किंवा संध्याकाळी तळ्याचे फोटो काढताना त्याला तोड नाही. दोष त्याचा नव्हता, दुकानातल्या फरशीवर निवड करणाऱ्या माझा होता. तेव्हा वाचकहो, आपण अशा सहलीला निघणार असाल, तर आधी तीन प्रश्न विचारा. आपण कुठे बसणार आहोत? तिथे काय हलते, आपला हात, गाडी, की दोन्ही? आणि आपल्या मागे कोण बसणार आहे? उत्तरे मिळाली, की वस्तू आपोआप ठरते. धान्य जंगलात सांडू नये, आणि रात्री पिशवी बाहेर ठेवू नये. उंदीर आणि वानरे टपलेली असतात.

शेवटच्या दिवशी सौ.ने अस्तराची चेन उघडून तांदूळ निवडला, धुतला आणि मुक्कामाच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी खिचडी केली. पडशी घडी करून बॅगेत गेली. पुढच्या वर्षी पेंचला जायचा बेत आहे.