पट्टी बांधली म्हणून कलम होत नाही

पहिला पाऊस पडला की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला रोपांच्या काळ्या पिशव्या मांडल्या जातात. माझी उमेदवारी अशाच एका नर्सरीत गेली. रात्री टेम्पो लागायचा आणि कलमांच्या मालात कोयीची रोपं मिसळलेली असायची. मग कंदिलाच्या उजेडात एक गडी त्या रोपांच्या खोडाला ब्लेडने तिरकी चीर द्यायचा, वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायचा आणि ‘हापूस’ची चिठ्ठी अडकवायचा. सकाळी सगळ्या मालाला एकच भाव.

पट्टी सोडून पाहिली की खरं-खोटं कळतं. खऱ्या कलमाच्या सांध्यावर पाचरीची खूण असते, खालच्या खुंटाची साल वेगळी, वरच्या काडीची वेगळी. खोट्याला वर-खाली एकच साल, मधे नुसती सुकलेली चीर. पण पट्टी सोडून पाहतंय कोण?

हापूसच्या कोयीत एकच अंकुर असतो, तोही परागीकरणातून आलेला. त्यामुळे हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. कलम चार-पाच वर्षांत फळ धरतं, कोयीच्या झाडाला त्याहून बरीच जास्त वर्षं लागतात. अंगणात एकाच झाडापुरती जागा असलेल्या माणसाची ती वर्षं परत कोण देणार? महाराष्ट्रात फळरोपवाटिकांसाठी 1969 पासून कायदा आहे, परवाना लागतो. पण परवाना भिंतीवर असतो. पिशवीत काय आहे, ते विकणाऱ्यानेच सांगायचं असतं.

कोकमाची गोष्ट मला जास्त लागली. एक निवृत्त बाई आल्या. म्हणाल्या, “भाऊ, फुलं भरभरून येतात, रातांबा एक धरत नाही.” झाड नर होतं. बियांच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते पहिल्या फुलोऱ्यापर्यंत कळत नाही. हे समजावल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मग घेताना का नाही सांगितलं?” तिथे कुणी खोटं नाव दिलं नव्हतं, फक्त गप्प बसले होते. माझ्या मते तीही फसवणूकच.

म्हणून कोयीची, बिननावाची रोपं विकूच नयेत, असं मी म्हणणार नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 1981 साली आलेला ‘रत्ना’ आंबा नीलम आणि हापूसच्या संकराचा. तोही आधी कोयीतूनच उगवलेलं रोप होता. आणि सगळ्यांनी कलमंच लावली तर लोणच्याचे, रसाचे रायवळ आंबे उरतील कुठे?

आता माझ्या नर्सरीत अशा रोपांची रांग वेगळी आहे, भाव कमी. चिठ्ठीवर लिहितो: ‘कोयीचं रोप. आई परसातली बिटकी. फळ कसं येईल, सांगता येत नाही.’ जागा एकाच झाडाची असेल तर ते देत नाही, कलम घ्या म्हणतो. कोकम हवं असेल तर मादी झाडाचं कलम. बियांचंच हवं असा आग्रह असेल तर चार लावा म्हणून सांगतो, आणि त्यातली दोन नर निघू शकतात, हे पैसे घेण्याआधी सांगतो.