दूध बिलाच्या दिवशीच कॉम्प्युटर का अडकतो? डिस्कवरच्या तुकड्यांचा हिशोब

सुपा (ता. पारनेर) : दर दहा दिवसांनी दूध बिल निघायचं म्हटलं की केंद्रावर गर्दी होते, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर गोल फिरत बसतो. मागच्या बिलाला आमच्या इकडच्या एका केंद्रावर मीही तासभर उभा होतो. तेवढ्यात एकाने मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला : ड्राइव्ह ६४ केबीने फॉरमॅट करा, पळायला लागेल. त्यात तथ्य आहे आणि धोकाही आहे, म्हणून हे लिहितोय.

डिस्कवर जागा सुट्टी मिळत नाही, ठरलेल्या मापाच्या तुकड्यांत मिळते. या मापाला अलोकेशन युनिट म्हणतात. विंडोजमध्ये ते सहसा ४ केबी असतं. म्हणजे १ जीबीच्या फाईलला २,६२,१४४ तुकडे लागतात. माप ६४ केबी केलं तर फक्त १६,३८४. सोळापट फरक.

आपल्या रानात बघा. ४ एकर सलग, नाहीतर १०-१० गुंठ्यांचे १६ तुकडे, क्षेत्र तेच. तुकडे शेजारी-शेजारी असले तर काही अडत नाही. पण एक शिवेला अन् दुसरा ओढ्यापलीकडे असला, तर ट्रॅक्टरचा निम्मा वेळ रस्त्यातच जातो. डेटाबेसची फाईल रोज थोडी थोडी वाढते, तशी ती विखुरत जाते. मग जुन्या फिरत्या हार्डडिस्कचा काटा इकडून तिकडे धावत राहतो. एसक्यूएल सर्व्हर नोंदी ८ केबीच्या पानात ठेवतो आणि अशी ८ पानं मिळून ६४ केबीचा एक गठ्ठा होतो. म्हणूनच मायक्रोसॉफ्ट डेटाबेसच्या ड्राइव्हसाठी ६४ केबी सुचवते.

मग सगळेच ड्राइव्ह ६४ चे करायचे का? नाही. ५ केबीची पावतीसुद्धा पूर्ण ६४ केबी अडवून बसेल. घरच्या मेथीला चार एकर राखल्यासारखं झालं ते! एसएसडीला काटाच नसतो, त्यामुळे तिथं फरक थोडाच पडतो. आणि सभासद क्रमांकावर इंडेक्स नसेल तर एका खात्यासाठी अख्खी वही चाळावी लागते, तिथं कोणतंही माप कामाचं नाही. माझ्या मते खर्च करायचाच तर आधी एसएसडीवर करावा.

सध्याचं माप ‘एफएसयूटिल’ या कमांडने दिसतं. ‘बाइट्स पर क्लस्टर’ समोर ४०९६ असेल तर ४ केबी, ६५५३६ असेल तर ६४.

आता धोका. माप बदलायचं तर ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो, म्हणजे दुधाची, उचलीची, कपातीची सगळी नोंद पुसली जाते. बॅकअप त्याच डिस्कवर ठेवला असेल तर तोही गेला. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडतो का ते आधी बघा. नुसती फाईल दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नसतं.

आमच्या केंद्रावर आकडा ४०९६ निघाला. डिस्क जुनी आणि गच्च भरलेली. आता बिल वाटून झाल्यावर नवी एसएसडी ६४ ने फॉरमॅट करून बसवायची आणि जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवायची, असं ठरलंय.