ड्रॅगन फ्रूटच्या वेलाची छाटणी

जत, आटपाडी, सांगोला या दुष्काळी तालुक्यांतून प्रवास करतांना हल्लीं रस्त्यालगतच्या शेतांत सिमेंटच्या खांबांच्या रांगा व प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून जटांप्रमाणें खालीं लोंबणारा हिरवा निवडुंग दृष्टीस पडतो. हेंच ड्रॅगन फ्रूट. गुजरात सरकारनें सन २०२१ मध्यें त्यास 'कमलम्' असें नांव दिलें, व फळाचा आकार पाहतां तें शोभतेंही. पण आमच्या बाजारांत परकी नांवच रुळलें आहे, तेव्हां तेंच येथें वापरतों. मेक्सिको व मध्य अमेरिका हें या वेलाचें मूळस्थान. तेथील रानांत तो झाडांच्या खोडांस व खडकांस आपल्या मुळ्यांनीं बिलगून वर चढतो. आपल्याकडे झाडाचें काम खांबास करावें लागतें.

ही बाग लावणें खर्चाचें आहे. एकरीं सुमारें ४०० ते ५०० खांब, प्रत्येक खांबाभोंवतीं चार रोपें, माथ्यावर वेल पेलण्यास कडें, शिवाय ठिबकच्या नळ्या. घरची पुंजी पहिल्याच वर्षीं मातींत जाते, आणि ती परत यावयाची ती पुढें अनेक वर्षांच्या फळांतूनच. म्हणून ज्यांच्या घरीं अशी बाग आहे त्यांनीं तिच्या छाटणीचें शास्त्र समजून घेणें अगत्याचें आहे. आमच्या लोकांस छाटणी काय शिकवावयाची, असें कोणी म्हणेल. द्राक्षबागेंतील कात्री तर आमच्या शेजारपाजारच्या पोरांच्याही हातीं सराईतपणें चालते! नेमकी तेथेंच फसगत होते.

नाशिक-सांगलीकडे द्राक्षवेल वर्षांतून दोनदां छाटतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या वाढतात व त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरतो. ऑक्टोबरच्या छाटणीनें तो बाहेर येतो. म्हणजे कात्री कोणत्या दिवशीं लावली, यावरून माल केव्हां येणार हें ठरतें. ड्रॅगन फ्रूटचें तसें नाहीं. हा वेल दिवसाच्या लांबीप्रमाणें चालतो. दिवस मोठा झाला म्हणजे त्यास कळ्या धरूं लागतात, आणि आपल्याकडे साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत टप्प्याटप्प्यानें फुलें येतात. फूल एका रात्रीपुरतें उमलतें. त्यानंतर सुमारें महिन्याभरांत फळ पिकतें. व्हिएतनाममधील शेतकरी, दिवस लहान असतां, रात्रीं बागेंत विजेचे दिवे लावून वेलास दिवस मोठा झाल्याचा भास करून देतात व अवेळीं फळ घेतात. दिव्यानें जें साधतें तें कात्रीनें साधत नाहीं. कात्रीचें काम निराळें आहे: पावसाळा तोंडाशीं येईल तेव्हां वेलावर पक्व, निरोगी व उजेड मिळालेल्या फांद्या तयार असाव्यात, एवढेंच.

आतां फांदी पक्व म्हणजे काय तें पाहूं. या वेलास पानें नाहींत. त्याचें त्रिधारी हिरवें खोडच पानाचें काम करतें, आणि पाणीही त्यांतच सांठविलेलें असतें. सबब कापलेली प्रत्येक फांदी म्हणजे अन्न तयार करणारा व सांठविणारा एक भाग गेला. द्राक्षासारखा हा वेल सपाट छाटून चालत नाहीं याचें कारण हें होय. फांदीच्या धारांवर ठराविक अंतरावर कांट्यांचे झुबके असतात व प्रत्येकाच्या मुळाशीं एक डोळा असतो. तो जागा झाला म्हणजे त्यांतून नवी फांदी फुटते, नाहींतर कळी येते. ज्या डोळ्यानें एकदां फळ दिलें तो सहसा पुन्हा देत नाहीं. कोवळ्या, फिकट फांदीचे डोळे वाढीच्याच नादांत असतात. तेव्हां फळ येतें तें मुख्यतः भरलेल्या, गर्द हिरव्या व अद्याप न थकलेल्या फांद्यांवर. जुन्या फांद्या थोड्या थोड्या काढीत जाऊन त्यांच्या जागीं नव्या येऊं देणें, हें सगळ्या छाटणीचें मर्म आहे.

पहिल्या दीड-दोन वर्षांत छाटणीपेक्षां वळणच अधिक लावावयाचें असतें. वेल खांबाच्या माथ्यास पोंचेपर्यंत त्याची एकच फांदी वर जाऊं द्यावी. बाजूचे फुटवे बोटभर असतांनाच काढावेत. वेल सुतळीनें खांबास सैल बांधावा. आंवळलेली सुतळी पुढें मांसांत रुतते. कड्याच्या वर वीतभर वाढला कीं शेंडा खुडावा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो. तो गेला म्हणजे माथ्याजवळचे डोळे फुटतात व चोहोंकडे फांद्या लोंबूं लागतात. पहिल्या वर्षीं हें टाळलें तर खांबाच्या मध्यावरच झुडूप माजतें, व मग तें सरळ करण्यांत वर्ष जातें.

फळ देणाऱ्या बागेची छाटणी शेवटचा तोडा झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरांत करावी. पाऊस सरलेला असतो, जखमा लवकर सुकतात, व नवीन फुटव्यांस जून येईपर्यंत पांच-सहा महिने मिळतात. कांहीं बागायतदार एप्रिल-मेमध्यें कात्री चालवितात. त्यांच्या वेलास ऐन कळीच्या दिवसांत कोवळे फुटवे येतात, फळाच्या वांट्याचें अन्न ते खातात, आणि हंगाम हातचा जातो. शिवाय माथ्यावरचें आच्छादन गेल्यानें आंतल्या, सावलींत वाढलेल्या फांद्या वैशाखाच्या उन्हांत पिवळ्या पडून भाजतात. बारामती तालुक्यांत माळेगांव येथें राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. तेथें या पिकावर संशोधन चाललें आहे, व पालकांनीं तेथील सल्ला अवश्य विचारावा.

प्रथम कुजलेल्या व नारिंगी-तपकिरी डागांच्या फांद्या काढाव्या. मग माथ्याखालीं दडून उजेडाविना फिकट झालेल्या, जमिनीस टेंकलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. नंतर दोन-तीन हंगाम फळलेल्या. एकाच फांदीवर चार-पांच नव्या फांद्या फुटल्या असतील तर एक-दोन ठेवाव्या. वेलाखालून पाहिल्यास आकाशाचे तुकडे दिसावेत, इतपत विरळणी पुरे. एका वेळीं चौथ्या हिश्शाहून अधिक भाग काढूं नये, असें आमचें मत आहे. धीट हातांस हें पटत नाहीं.

काप सांध्यापाशीं, स्वच्छ व एका घावांत असावा. एका वेलावरून दुसऱ्याकडे जातांना कात्री स्पिरिटनें पुसावी. मुलांस हें काम कंटाळवाणें वाटतें, परंतु कुजीचा रोग बहुधा कात्रीवर बसूनच बागभर फिरतो. जखमांस बोर्डोपेस्ट लावावी: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद लोखंडी भांड्यांत भिजवूं नये, तांबें लोखंडावर चढून बसतें व औषध निकामी होतें. छाटणीनंतर कांहीं दिवस पाणी बेतानेंच द्यावें. रोगट फांद्या बांधावर टाकूं नयेत. बागेपासून दूर जाळाव्या वा खोल पुराव्या.

निरोगी फांद्यांचीं मात्र कलमें होतात, व रोपवाटिकेचा खर्च वांचतो. वीतभर ते हातभर लांबीचे तुकडे करून ते सावलींत पांच-सात दिवस सुकूं द्यावेत, म्हणजे कापाचें तोंड बंद होतें व मातींत कुजत नाहीं. वरचें टोंक वर व खालचें खालींच राहिलें पाहिजे. तोडतांच खालच्या टोंकास तिरका काप दिला तर आठवड्यानंतर घोटाळा होत नाहीं.