नोरिन्को : शस्त्रांची नामांतरे

चीनच्या राज्यपरिषदेच्या संमतीने १९८० साली स्थापन झालेल्या एका शस्त्रास्त्र-महामंडळाच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ ‘चीन उत्तर उद्योग’ असा होतो. जगाला मात्र ते ‘नोरिन्को’ या इंग्रजी संक्षेपानेच ठाऊक आहे. या नामभेदाचा विस्तार त्याच्या मालातही आढळतो.

त्या मालाचे मूळ सोव्हिएत होय. कलाश्निकोव्ह रायफलीची चिनी आवृत्ती म्हणजे ‘टाइप ५६’. टी-५४ए रणगाड्यावरून सिद्ध झालेला तो ‘टाइप ५९’. येथील अंक वर्षाचा निदर्शक असून मूळ निर्मात्याचा त्यात मागमूसही उरत नाही. ही शस्त्रे महामंडळाहून जुनी आहेत. माओच्या काळात ती मित्रराष्ट्रांना प्रामुख्याने साहाय्य म्हणून दिली जात. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याजवळ टाइप ५९ होते. आर्थिक सुधारणांनंतर मात्र साहाय्याची जागा विक्रीने घेतली. परिणामी १९८० ते १९८८ च्या युद्धात इराण आणि इराक या दोन्ही पक्षांच्या हाती चिनी शस्त्रे होती. विचारसरणीला शत्रू-मित्र असतात. व्यापाराला केवळ ग्राहक.

अमेरिकेत या रायफली नागरिकांना विकल्या जात. १९९४ साली तेथे चिनी बंदुका व दारूगोळा यांच्या आयातीवर बंदी आली, आणि १९९६ साली चोरट्या मार्गाने आणलेल्या सुमारे २,००० स्वयंचलित रायफली कॅलिफोर्नियात पकडल्या गेल्या.

पाकिस्तानात तर नामांतराला सांस्कृतिक रूप आले. ‘लाल बाण’ अशा अर्थाचे चिनी नाव असलेले रणगाडाभेदी क्षेपणास्त्र तेथे ‘बक्तर-शिकन’, म्हणजे चिलखत फोडणारे, झाले. संयुक्तपणे विकसित केलेल्या रणगाड्यास ‘अल-खालिद’ हे इस्लामी इतिहासातील सेनापतीचे नाव मिळाले. पुढे थायलंड, पाकिस्तान व नायजेरिया यांना विकलेल्या रणगाड्याचे ‘व्हीटी-४’ हे नाव मात्र कोणत्याच भूमीचे नाही. लाहोरमध्ये २०२० साली सुरू झालेल्या मेट्रोच्या उभारणीतही याच महामंडळाचा सहभाग होता.

साहित्यकृतीच्या स्थलांतराचा अभ्यास करताना मूळ, रूपांतर व स्वीकार या तिन्हींचा विचार आवश्यक मानला जातो. शस्त्राच्या बाबतीत ‘स्वीकार’ या शब्दाचा अर्थ अधिक कठोर आहे. ज्याच्यावर ते चालते, त्याला त्याच्या नावाची निवड करता येत नाही. म्हणूनच प्रत्येक नव्या नावामागील कर्ता, विक्रेता व ग्राहक यांचा शोध घेणे, हे उत्तरदायित्व निश्चित करण्याचे पहिले पाऊल ठरते.