ताम्हण आणि हरियाल



मत्तयाच्या 6 व्या अध्यायात प्रभू येशूने आकाशातील पाखरे आणि रानातील भूकमळे ही दोन उदाहरणे एकापाठोपाठ दिली आहेत. आपल्या महाराष्ट्रानेही एका फुलाला आणि एका पाखराला मान दिला आहे. ताम्हण हे आपले राज्यपुष्प आणि हरियाल हा राज्यपक्षी.

भीमाशंकरच्या डोंगराकडून आईवडिलांबरोबर चाकणला बांधकामावर आलेली एक ठाकर मुलगी आमच्या सुट्टीच्या वर्गात येते. मे महिन्यात फुललेले ताम्हण पाहून ती म्हणाली, "ताई, फूल लई छान हाय. पण याच्यावर हरोळ्या का नाहीत? आमच्याकडं उंबरावर थवाच बसतो." हरोळी म्हणजेच हरियाल. तिचा प्रश्न अगदी योग्य होता.

दोघांत साम्य आहे. ताम्हणाच्या चुरगळल्यासारख्या पाकळ्या जांभळट गुलाबी असतात, आणि हरियालाच्या खांद्यावरही फिकट जांभळा डाग असतो. दोघांचाही बहराचा आणि विणीचा काळ उन्हाळ्यातच येतो.

फरक मात्र मोठा आहे. ताम्हणाचे फळ म्हणजे कठीण, लाकडी बोंड. ते वाळून उकलते आणि पंख असलेले बी वाऱ्यावर उडून जाते. त्याला बी पसरवण्यासाठी पाखराची गरज नाही, आणि पाखराला खायला त्यात गर नाही. हरियाल हे पिवळ्या पायांचे हिरवे कबूतर. आपली पारवी दाण्यासाठी अंगणात उतरतात, हा मात्र क्वचितच जमिनीवर येतो. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हेच त्याचे मुख्य अन्न. ही झाडे सगळी एकाच वेळी फळत नाहीत. आज हा वड, पुढे तो उंबर. म्हणून हरियालाला एक झाड पुरत नाही, परिसरात अनेक लागतात.

ताम्हणाचे रोप विकत आणून कंपनीच्या फाटकाशी लावता येते. हरियाल असा आणता येत नाही. त्याच्यासाठी आधी झाड वाढावे लागते. रस्ता रुंद करताना एक जुना वड तुटला, की त्याच्या जागी लावलेली दहा शोभेची रोपे ती भूक भागवत नाहीत.

देव पाखरांना अन्न पुरवतो, हा आपला विश्वास. ते अन्न झाडावरच येते. म्हणून या पावसाळ्यात ताम्हण जरूर लावा, पण त्याबरोबर ओढ्याकाठी एक उंबर आणि मोकळ्या जागेत एक वडही लावा. भिंतीपासून आणि पाण्याच्या नळापासून दूर लावा, कारण त्यांची मुळे लांब जातात. त्याआधी, आपल्या आवारात जुना वड किंवा उंबर असेल तर तो राखा.

पुढच्या उन्हाळ्यात ती मुलगी पुन्हा विचारील. तेव्हा तिला निदान एक वाढते रोप दाखवता यावे.