कॅमेरा मागे पडला, तरी...

पुढे कॅमेरा दिसला की ब्रेक, तो मागे पडला की पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ही चलाखी आता चालत नाही. २०२४ मध्ये तिथे सुरू झालेली यंत्रणा गाडीचा सरासरी वेगही मोजते.

साधा रडार कॅमेरा रेडिओलहरी सोडतो. जवळ येणाऱ्या गाडीवर आदळून परतलेल्या लहरींची वारंवारिता वाढलेली असते. ही वाढ म्हणजेच डॉप्लर परिणाम. तिच्यावरून त्या क्षणाचा वेग कळतो. सरासरी वेगाचे गणित तर शाळेतलेच आहे. दोन ठिकाणचे कॅमेरे नंबरप्लेट वाचून वेळ नोंदवतात. समजा, त्यांच्यात १० किलोमीटर अंतर आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वेगमर्यादेने ते कापायला ६ मिनिटे लागतात. तुम्ही ५ मिनिटांत पोहोचलात, तर वेग १२० होता हे उघड. मग ई-चलन ठरलेलेच.

'वीसच तर जास्त' असे वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी वाढला, तर धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतरही तितक्याच पटीने.

गंमत म्हणजे, वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा एक जनक मॉरिस गॅट्सोनाइड्स हा डच रॅलीपटू होता. १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या गड्याला वळणांवर स्वतःचा वेग वाढवायचा होता!